चार मजली सर्कस, नग फक्त दोन

लास व्हेगासला जाऊन मी जुगार खेळलो नाही, यावर बायकोचा अजून विश्वास नाही. पैसे गेले हे खरं, पण पंचवीस-पंचवीस सेंटांनी आणि पिनबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे नाणं टाकून काचेखालचा चेंडू टोलवत खेळायच्या यंत्रांच्या संग्रहालयात.

शहराच्या त्या प्रसिद्ध ‘वेलकम’ पाटीजवळ गोदामासारखी इमारत आहे. टिम आर्नल्ड या मिशिगनच्या जुन्या आर्केडवाल्यानं जमवलेली यंत्रं आत रांगेनं उभी. तिकीट नाही.

“मामा, सुट्टे किती घेऊ?” भाच्यानं दारातच विचारलं.

“वीस डॉलरचे घे.” तासाभरात संपले.

मला बघायचं होतं ते ‘पिनबॉल सर्कस’ नावाचं यंत्र. शिकागोच्या विल्यम्स कंपनीत पायथन अँजेलो या चित्रकार-डिझायनरनं 1994च्या सुमारास ते बनवलं. नमुने दोनच झाले आणि काम तिथेच थांबलं. बनवायचा खर्च आणि गल्ल्यात पडणारी नाणी यांचा मेळ बसेना. त्यातला एक नमुना इथे आहे, आणि तो चक्क खेळता येतो!

लहानपणी आमच्याकडे बगाटेल होतं, खिळे ठोकलेली लाकडी फळी. गोळी वर मारायची, ती उतारानं खाली यायची. पिनबॉल त्याचाच वंशज. या सर्कशीत मात्र सगळा खेळ उलटा. व्हिडिओ गेमच्या उभ्या कपाटाएवढ्या जागेत एकावर एक मजले, आणि चेंडू वर चढवत न्यायचा. खाली हत्ती, अगदी वर विदूषक. काचेला नाक लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागे एक आजोबा नाणी खुळखुळवत होते, तेव्हा भानावर आलो.

विल्यम्सचंच ‘विझार्ड ब्लॉक्स’ हे यंत्र तर त्याहून दुर्दैवी. डिझायनर पॅट लॉलरचं काम. म्हणजे ज्याचं ‘ॲडम्स फॅमिली’ हे पिनबॉल यंत्र वीस हजारांवर खपलं, तो माणूस! पडद्यावरचं चित्र काचेत परावर्तित होऊन खेळाच्या फळीवर तरंगताना दिसायचं, त्या ‘पिनबॉल 2000’ मालिकेतलं हे तिसरं यंत्र. पण 25 ऑक्टोबर 1999ला विल्यम्सनं पिनबॉल विभागच बंद केला आणि ते बाजारात आलंच नाही. त्याच मालिकेतलं पहिलं, ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’, मी खेळलो. हवेत तरंगणाऱ्या मंगळवासीयाला चेंडू लागला की तो फुटतो. पोरकट आहे, पण हात थांबत नाही.

परत सर्कशीपाशी आलो. माझी मजल दुसऱ्या मजल्यापर्यंत. भाच्यानं तिसरा गाठला, मग चेंडू धडाधड खाली.

“मामा, अजून दहाचे?”

मी पाकीट काढलं.