दोर्दोन्यच्या काठचे गड आणि डावीकडचं स्टिअरिंग

बोर्दोच्या रेल्वे स्टेशनजवळ गाडी ताब्यात घेतली आणि पहिल्या दहा मिनिटांत मी चार वेळा वायपर सुरू केले. आकाश निळंशार होतं. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते, तिकडे डावीकडे. वळण आलं की हात सवयीनं उजवी दांडी दाबतो आणि कोरड्या काचेवर खरखर सुरू होते. चौथ्यांदा मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाऊस कुठंय?"

आम्ही तिघं होतो. मी चालवणार, नवरा नकाशा सांभाळणार आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई दोघांवर लक्ष ठेवणार. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, मुक्काम सहा रात्रींचा.

फ्रान्समधले किल्ले म्हटलं की लोक ल्वार नदीकडे जातात. आधी आमचाही तोच बेत होता. शांबोर, शनाँसो, व्हिलांद्री सुंदर आहेत यात वादच नाही. पण ते वाडे आहेत, गड नव्हेत. शांबोरचं काम पहिल्या फ्रान्स्वा राजानं १५१९ साली सुरू केलं ते शिकारीसाठी आणि ऐट दाखवायला. घरात एक जण राजगड आणि लोहगडाच्या वाऱ्या केलेला असला की त्याला बुरूज, तटबंदी, वेढा असं काहीतरी लागतं. आमच्याकडे तो नवरा आहे. फ्रेंच लोक 'शातो' या एकाच शब्दात वाडा, गढी आणि किल्ला सगळं बसवतात. लढायचा किल्ला हवा असेल तर 'शातो फोर' असं शोधा. आम्ही तसं शोधलं आणि ल्वारऐवजी नैर्ऋत्येला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, पेरिगोर प्रांतात पोचलो. या भागाला 'एक हजार एक किल्ल्यांचा प्रदेश' म्हणतात. मोजदाद कुणी केली ते विचारू नका, पण दर वळणावर टेकाडावर काहीतरी उभं असतं हे खरं.

पॅरिसला गाडी घेऊ नका, हा आमचा पहिला सल्ला. मोंपार्नास स्टेशनवरून तेजेवे (टीजीव्ही) ही वेगवान रेल्वे दोन तासांच्या थोड्या वर वेळात बोर्दोला सोडते. तिथून सार्ला हे आमच्या मुक्कामाचं गाव दोनशे किलोमीटरच्या आत आहे. बोर्दोहून सार्लाला साधी रेल्वेही जाते, पण सार्लाच्या पुढे किल्ल्यांपर्यंत गाडीवाचून अडतं.

निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फॉर्म ४ए, पासपोर्ट आणि आपलं चालू लायसन्स लागतं. फी हजार रुपये, मुदत एक वर्षाची. मूळ लायसन्सही बरोबर ठेवावं लागतं, नुसत्या परवान्यावर गाडी मिळत नाही. दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची. कार्ड डेबिट नको, क्रेडिटच हवं, आणि ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचंच हवं. आमच्या पुढे रांगेत एक जोडपं होतं. चालवणार बायको आणि कार्ड नवऱ्याचं, त्यामुळे ते तिथंच अडकून पडलं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करा आणि मर्यादा वाढवा, कारण अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवतात. आमचे बाराशे युरो अडकले. ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम मागून, आधी बुक करावी लागते. तिकडे न सांगता मिळते ती गिअरची, आणि तो गिअर उजव्या हातात येतो. वायपरशी झुंजताना आणखी एक शत्रू नको म्हणून मी जास्तीचे पैसे निमूट भरले.

गाडी घेताना नवऱ्यानं चारही बाजूंनी, चाकांच्या रिमा आणि छतासकट संथपणे व्हिडिओ काढला. काउंटरवरचा मुलगा कंटाळला होता. मलाही लाज वाटत होती. त्या व्हिडिओचं पुढे सांगते.

रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवणं अर्ध्या तासात जमतं. घोटाळा होतो तो सकाळी, रिकाम्या रस्त्यावर निघताना. समोर दुसरी गाडी नसली की आपण गुमान डावीकडे जातो. म्हणून नवऱ्याचं काम ठरलं होतं. रोज पार्किंगमधून निघताना त्यानं मोठ्यानं "उजवीकडे" म्हणायचं. शहाण्या बायकोला दर वेळी राग येतो, पण म्हणायचं.

खेड्यांतला खरा धोका वेगळा आहे. जिथं कसलीच पाटी किंवा पांढरी रेघ नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही रुंद रस्त्यावर असा आणि तो बोळातून ट्रॅक्टर घेऊन येवो, थांबायचं तुम्हीच. पिवळ्या शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी दिसली की तुमच्या रस्त्याला प्राधान्य आहे. तीच पाटी काळ्या रेघेनं कापलेली दिसली की ते संपलं. गावाचं नाव लाल कडेच्या पाटीवर आलं की वेगमर्यादा आपोआप ५०, वेगळा आकडा लिहीत नाहीत. नाव कापलेली पाटी आली की गाव संपलं. बाहेरच्या साध्या रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी ८०, काही ठिकाणी ९०. मोटरवेवर १३०, पावसात ११०. कॅमेरे भरपूर आहेत, आणि दंडाची चिठ्ठी आधी गाडीवाल्या कंपनीकडे जाते. ते तुमचं नाव कळवण्याचेच वेगळे पैसे कापतात आणि दंड निराळा येतो.

सर्कलमध्ये आत असलेल्याचा हक्क, आणि फिरायचं आपल्या उलट दिशेनं. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर घाबरू नका, आणखी एक प्रदक्षिणा घाला. एका सर्कलला आम्ही तीन घातल्या. सासूबाईंनी चक्क हात जोडले.

टोलनाक्यावर हिरव्या बाणाची रांग धरा. नुसतं केशरी 'टी' लिहिलेली रांग टॅगवाल्यांची, तिथं शिरलात तर मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागतात. आत जाताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना कार्डानं पैसे भरायचे.

आता इंधन. पंपावर 'गाझोल' असं लिहिलेलं असतं. वाचून गॅसोलीन म्हणजे पेट्रोल असं वाटतं, पण गाझोल म्हणजे डिझेल! आमची गाडी पेट्रोलची आणि माझ्या हातात गाझोलचा नोझल. तेवढ्यात नवरा टाकीच्या झाकणावरचं चिन्ह बघून ओरडला. नावं विसरा, चिन्ह बघा. गोलात ई५ किंवा ई१० म्हणजे पेट्रोल, चौकोनात बी७ म्हणजे डिझेल. झाकणावर आणि पंपावर तीच खूण असते. सुपरमार्केटच्या आवारातले पंप मोटरवेपेक्षा बरेच स्वस्त, पण माणूस नसतो. कार्ड आणि पिन टाकून भरायचं, आणि भरण्याआधी शंभर-सव्वाशे युरो तात्पुरते अडकतात. रविवारी दुपारनंतर खेड्यात दुकानं बंद, म्हणून टाकी आणि शिधा शनिवारीच भरून ठेवा.

मुक्काम एकाच जागी ठेवा. रोज हॉटेल बदलत दहा किल्ले 'करणं' हा वेडेपणा आहे. आम्ही सार्लाच्या बाहेर स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं होतं. तिथून सगळं पाऊण-एक तासाच्या आत येतं. सार्लाचं मधलं गाव पिवळसर चुनखडीच्या दगडाचं आहे. छपरांवरही फरशा रचाव्यात तसे दगडच. बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. त्या दिवशी सकाळी गावात गाडी घालू नका, बाहेर लावून चालत जा.

आता ज्याच्यासाठी आलो होतो ते. कास्तेल्नो आणि बेनाक हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून उभे आहेत. कास्तेल्नो दक्षिणेला, बेनाक उत्तरेला, मध्ये तीनेक किलोमीटर हवा. शंभर वर्षांच्या युद्धात (१३३७ ते १४५३) कास्तेल्नो इंग्रजांच्या बाजूला होता आणि बेनाक फ्रेंचांच्या. नदी म्हणजे सीमाच. कास्तेल्नो कितीदा हातबदल होऊन अखेर १४४२ साली फ्रेंचांकडे आला. त्याच्याही आधी १२१४ मध्ये सिमाँ द माँफोर या सरदारानं कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांविरुद्धच्या मोहिमेत हे दोन्ही किल्ले घेतले होते. म्हणजे शेजारी भांडत असले तरी मार दोघांनी खाल्ला.

आधी कास्तेल्नो बघा. आत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे. तटावर लाकडी गोफणयंत्रं खऱ्या आकारात उभी केली आहेत. एका टोकाला वजनाची पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. पेटी खाली पडली की गोफण उसळून दगड फेकते. उन्हाळ्यात चालवूनही दाखवतात, आम्हाला मात्र उभी यंत्रंच बघायला मिळाली. नवरा एकेका यंत्रापाशी वीस मिनिटं. सासूबाई तटावर बसून म्हणाल्या, "सह्याद्रीत हे असं ओढत कोण नेणार होतं? कडाच पुरे." मला ते पटलं. आपल्याकडे डोंगर लढतो आणि माणूस त्याला मदत करतो. इथं टेकडी बुटकी, म्हणून भिंत जाड आणि यंत्रं मोठी.

दुपारी बेनाक. पायथ्याच्या गावातून चढलं तर चांगलाच दम लागतो, म्हणून वरच्या बाजूच्या पार्किंगला गाडी नेली. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर हाच मार्ग. आतल्या खोल्यांत सोनेरी मुलामा नाही. उघडा दगड, मोठ्या चुली, अंधारे जिने. नदीपासून दीडशे मीटर उंच कड्यावरून खाली बघितलं की किल्ला इथं का आहे ते कळतं. लोहगड बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवून आहे, तसा हा नदीवर. गाबार नावाच्या सपाट होड्यांतून लाकूड आणि पिंपांच्या फळ्या खाली बोर्दोच्या दारूवाल्यांकडे जात. त्याच आकाराच्या होड्या आज ला रोक-गाजाकहून पर्यटकांना तासाभराची चक्कर मारून आणतात. सासूबाईंना दोन्ही किल्ल्यांपेक्षा ही चक्कर आवडली. खालून गड बघण्यात खरंच वेगळी मजा आहे.

पण त्यांच्या लक्षात राहिला तो मिलांदचा शातो. १४८९ चा. नर्तकी आणि गायिका जोसेफिन बेकर यांनी तो आधी भाड्यानं आणि १९४७ मध्ये विकत घेतला. जगभरातून दत्तक घेतलेली बारा मुलं तिथं वाढवली, आणि कर्जापायी १९६९ मध्ये त्यांना तिथून बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर ब्लँकेट घेऊन बसलेल्या बेकरबाईंचा फोटो आत लावलेला आहे. सासूबाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये फ्रान्सनं त्यांना पॅरिसच्या पांथेऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, मानाची जागा दिली, हे मी वाचून दाखवलं. "उशिरा दिली," एवढंच म्हणाल्या.

दॉम हे १२८१ मध्ये वसवलेलं तटबंदीचं गाव संध्याकाळी बघा, दरीचं दृश्य तेव्हाच. लास्कोच्या चित्रगुहेची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे. माँतिन्याकला पूर्ण प्रतिकृती आहे, इंग्रजी फेरीचं तिकीट आधी घ्या.

जेवणाचं कठीण आहे. हा बदकाचा मुलूख. सासूबाई शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. बटाटे तरी खाऊ म्हणून 'पोम सार्लादेझ' मागवले, आणि शेजारच्या टेबलावरच्या इंग्रज बाईंनी वेळेवर सांगितलं की ते बदकाच्या चरबीत तळतात. तेव्हापासून ऑम्लेट, बकरीचं चीज, अक्रोडाचं सॅलड यांवर भागवलं, आणि रात्री घरी मुगाची खिचडी. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीच वाजता पोचलात तर स्वयंपाकघर बंद, कितीही गयावया करा. अक्रोडाचं तेल मात्र बाजारातून आणाच, चटणीत झकास लागतं.

पाचव्या दिवशी मोबाइलच्या नकाशानं जवळची वाट म्हणून एका खेड्याच्या बोळात घातलं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि पुढे पायऱ्या! आरसे मिटवून, नवरा खाली उतरून, इंच इंच मागे. उजव्या आरशाला बारीक ओरखडा आलाच. नकाशात मोठे रस्ते निवडा, आणि गावाबाहेरचं पार्किंग दिसलं की तिथंच थांबा.

परत देताना आरशाचा ओरखडा आम्हीच दाखवला. पण यादीत पुढच्या बंपरवरचा एक पोचाही निघाला, जो आमचा नव्हता. नवऱ्यानं पहिल्या दिवशीचा व्हिडिओ लावला आणि बंपरपाशी थांबवला. पोचा खोडला, आरशाचे पैसे कापले. गाडी काउंटर उघडं असतानाच परत द्या. किल्ली पेटीत टाकून निघालात तर व्हिडिओ दाखवायला समोर कुणी नसतं. अनामत सुटायला अकरा दिवस लागले, म्हणून पुढच्या प्रवासाला दुसरं कार्ड जवळ असू द्या.