इटालियनचा नकाशा आणि इलोकानोचा

आमच्या मिलानच्या बिल्डिंगमध्ये खाली गेटाशी छोटी खोली आहे, तिथे एक फिलिपिनो बाई असतात, कुरियर घेणं, जिने पुसणं, सगळं त्याच बघतात. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी सहज विचारलं, टागालोग का, म्हणजे फिलिपिन्सची मुख्य भाषा? तर म्हणाल्या, "नाही, इलोकानो. टागालोग मी शाळेत शिकले." मला खूप लाज वाटली हो, कारण इथे जो तो मला "हिंदी बोलता ना?" विचारतो तेव्हा माझं डोकं फिरतं, आणि मी तेच केलं.

कॉलवर भाऊ उत्तर फिलिपिन्समधल्या लाओआगला आणि बहीण हवाईत, वाइपाहूला. इथे सकाळचे नऊ, लाओआगला दुपारचे तीन, हवाईत आदल्या रात्रीचे नऊ.

इटालियनचं तसं सोपं आहे, इथून ट्रेनने तासा-सव्वा तासात लुगानो, देश बदलतो पण दुकानाच्या पाट्या त्याच भाषेत. स्वित्झर्लंडचं तिचिनो, सॅन मारिनो, व्हॅटिकन, शिवाय स्लोव्हेनिया-क्रोएशियाच्या इस्त्रियातही ती सरकारी कामात चालते, म्हणजे सगळं घराच्या आसपासच. इलोकानो मात्र कुठल्याच देशाची राजभाषा नाही, फिलिपिन्सच्या ला उनियोन प्रांताने 2012 मध्ये तिला अधिकृत केलं तेवढंच, आणि तरी ती समुद्र ओलांडून इतकी लांब गेलीये.

का गेली ते त्यांनी हातानेच दाखवलं, एक तळहात डोंगर, दुसरा समुद्र, मधे बोटभर जागा म्हणजे त्यांचा मुलुख, इलोकोस. मला तर आपलं कोकणच दिसलं! सह्याद्री आणि समुद्राच्या मधली पट्टी, जमीन पुरत नाही, माणसं मुंबईला गिरणीत. तिकडची माणसं त्याच लुझोन बेटावर कागायानच्या खोऱ्यात सरकली आणि 1906 मध्ये पंधरा जण हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांना साकादा म्हणतात, मग मागून हजारो गेले. आज हवाईतल्या फिलिपिनो लोकांत बहुतेक घरं मूळची इलोकानो, आणि तिथे मानोआच्या विद्यापीठात ही भाषा शिकवतात.

मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटींच्या वर, इटलीची सगळी लोकसंख्या 6 कोटींच्या आत, हे मी इथे प्रत्येकाला सांगते आणि सांगणारच. पण माझी मुलगी मला इटालियनमध्ये उत्तर देते. तिला मराठी समजतं सगळं, दिवसभर शाळा इटालियनमध्ये, मित्र-मैत्रिणी इथल्याच, तिला तरी किती रागावणार? त्या बाईंचा मुलगा मात्र आईशी इलोकानोतच बोलतो, ते ऐकलं आणि आत कुठेतरी लागलं.

आता मी त्यांना मनांग म्हणते, म्हणजे ताई. काल "नाइम्बाग अ बिगात", म्हणजे शुभ सकाळ, म्हटलं तर त्यांनी फोन वळवून भावाला माझा चेहरा दाखवला. मग विचारलं, तुमच्याकडे सकाळी काय म्हणतात? मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "चहा झाला का?"