डेक्कन क्वीन नावाची नदी

मराठी मजकूर वाचून संगणकाने आपली आपण माहिती गोळा करावी, यावर आमचा गट काम करतो. ‘नदी’ या सदरात गोदावरी, कृष्णा, इंद्रायणी अशी थोडी नावं आपण भरायची. ती कोणत्या शब्दांच्या आगेमागे येतात हे संगणक हेरतो आणि त्याच जागी दिसणारी नवी नावंही नद्या म्हणून नोंदवतो. मग त्या नव्या नावांवरून पुढची शोधतो.

त्या सोमवारी यादी उघडली. पवना, नीरा, वारणा. झकास. खाली पाहते तर प्रगती, सिंहगड, डेक्कन क्वीन!

“अरे, डेक्कन क्वीन नदी झालीय,” मी शेजारच्या सहकाऱ्याला म्हटलं.

“आधी मूळ वाक्यं काढ,” तो म्हणाला.

वाक्यं निघाली ती पावसाळी बातम्यांतली. ‘मुसळधार पावसामुळे इंद्रायणी, पवना दुथडी भरून’ हे एक. ‘मुसळधार पावसामुळे इंद्रायणी, प्रगती, सिंहगड रद्द’ हे दुसरं. घाटात दरड कोसळली की पुणे-मुंबई गाड्यांची नावं अशीच ओळीने छापली जातात, ‘एक्स्प्रेस’ न लावता. इंद्रायणीच्या पंगतीला बसली म्हणून प्रगती नदी ठरली. सिंहगड आत आल्यावर त्याच्यामागून राजगड, तोरणाही आले.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने २०१० साली ‘नेल’ ही अखंड वाचत राहणारी प्रणाली सुरू केली, तेव्हा तिनेही ब्राउझरमधल्या ‘कुकीज’ बेकरीच्या पदार्थांत घातल्या होत्या. पाठोपाठ संगणकातल्या फायलीही तिथेच गेल्या. त्यांचा उपाय मला फार पटतो: एकेक सदर सुटं न शिकवता अनेक सदरं एकत्र शिकवायची आणि एकातलं नाव दुसऱ्यात चालणार नाही, असं बंधन घालायचं.

आम्ही नद्या, गाड्या आणि किल्ले एकत्र घेतले. पहिल्याच फेरीत प्रगती गेली, राजगड गेला. पण इंद्रायणीही गेली! कोयनाही. दोन्ही नावांच्या गाड्या आहेत ना. लोणावळ्याजवळ उगम पावून तुळापूरला भीमेला मिळणारी इंद्रायणी ज्या यादीत नाही, ती महाराष्ट्रातल्या नद्यांची यादी कसली? मला ते अजिबात सहन होईना.

मग बंधन नावावरून काढून त्या-त्या वाक्यातल्या उल्लेखावर घातलं. आसपास पात्र, बंधारा, पूर असेल तर नदी. फलाट, आरक्षण, कर्जत असेल तर गाडी. संध्याकाळपर्यंत नोंदवहीत दोन इंद्रायणी झाल्या, दोन कोयना झाल्या. ‘पावसामुळे इंद्रायणी...’ एवढाच अर्धवट मथळा असेल, तर नोंद करायचीच नाही असं ठरवलं. यावर गटात वाद झाला, कारण नोंदींची संख्या घटते. मी हटले नाही. एक चुकीची नोंद आत शिरली की ती आपल्यासारख्या दहा ओढून आणते, हे आम्ही त्याच सकाळी पाहिलं होतं.

आता ‘सह्याद्री’ रांगेत आहे: डोंगर, रेल्वेगाडी आणि दूरदर्शनची वाहिनी, तिन्ही.