कैलास परिक्रमा: चढाचं सोडा, उताराबद्दल बोला

कैलासला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, तो डोल्मा ला या खिंडीच्या चढाबद्दलच सांगणार. किती दम लागला, थंडी कशी हाडांत गेली, वर पताकांपाशी पोचल्यावर रडू कसं आलं. रडू मलाही आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण खिंडीच्या पलीकडे काय वाढून ठेवलंय हे एकानेही सांगितलं नव्हतं. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या भागाचं वर्णन होतं, 'त्यानंतर उतार व सपाट वाट'. बस, पाच शब्द. त्या पाच शब्दांसाठी हे सगळं लिहितोय.

आम्ही सप्टेंबरात काठमांडूहून, नेपाळ सीमेलगतच्या तिबेटातल्या केरुंगमार्गे, खासगी कंपनीबरोबर गेलो. सरकारी यात्रेत सोडत, दिल्लीतली तपासणी, वर उत्तराखंडात गुंजीला पुन्हा तपासणी असते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ च्या वर गेला की माणूस घरी. लोक त्याला जाच म्हणतात. मी आता म्हणत नाही. खासगीत डॉक्टरची एक चिठ्ठी जोडायची असते आणि ती कुणी उघडूनही बघत नाही. आमच्या गटात असे लोक होते की ज्यांना सिंहगडही झेपला नसता. त्यांना 'घोडा आहे ना, मग काय' एवढ्या भांडवलावर तिकीट विकलेलं होतं.

आधी उंचीचं बोलतो, कारण पहिली फसवणूक तिथेच होते. केरुंग साधारण २,८०० मीटरवर, सागा ४,५०० च्या आसपास. हा टप्पा बसने एका दिवसात होतो. म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच जागी जेवून निघायचं आणि संध्याकाळी एक अख्खं कळसूबाई आणखी वर झोपायचं. कार्यक्रमपत्रिकेत 'विरळ हवेची सवय होण्यासाठी मुक्काम' सागात दाखवलेला असेल, तर भांडा. तो जादा मुक्काम केरुंगलाच हवा. पैसे भरण्याआधी भांडा, नंतर कुणी ऐकत नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेणार असाल तर घरीच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. कैलासच्या पायथ्याशी असलेल्या दारचेनच्या दुकानांत ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात. चार-दोन मिनिटं बरं वाटतं, उपयोग शून्य. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, चालताना तोल जात असेल, तर इलाज एकच, खाली जाणं. आणि इथेच तिबेटची अडचण आहे: खाली जाणार कुठे? पठारच साडेचार हजारांवर. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे पुरांग, आपले लोक ज्याला तकलाकोट म्हणतात ते, ३,९०० च्या सुमाराला, दारचेनपासून शंभरेक किलोमीटर. तुमच्या गटप्रमुखाला ही गोष्ट माहीत आहे का, विचारून बघा. आमच्याला नव्हती.

परिक्रमेचा पहिला दिवस सोपा. चाल जिथून सुरू होते त्या यमद्वारापर्यंत बस, तिथून पहिल्या मुक्कामाला, दिरापुकपर्यंत, नदीकाठाने बारा-तेरा किलोमीटर चाल, चढ हळूहळू. कैलासचं उत्तरमुख संध्याकाळी उघडं पडलं, सगळे फोटो काढत बसले. मी झोपलो. तुम्हीही झोपा. दिरापुक ५,००० मीटरच्या आसपास आहे, झोप लागणार नाही, डोकं ठणकेल, तरी आडवे पडा. शौचालयाबद्दल एवढंच सांगतो, दार असेल ही अपेक्षा ठेवू नका.

आता घोडा. यमद्वारापाशी चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठला घोडा आणि कुठला हमाल ते ठरतं. घोडा बदलून मिळत नाही, घोडेवालाही नाही. पैसे परिक्रमेच्या तिन्ही दिवसांचे, आगाऊ, रोख युआनमध्ये. पहिल्या रात्रीच दिरापुकहून परत फिरलात तरी एक पैसा परत नाही, आणि खाली दारचेनला नेणाऱ्या गाडीचे पैसे निराळे. हा स्थानिकांचा नियम आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक आपल्याच माणसांची. आमच्या गटप्रमुखाने घोड्याचे पैसे काठमांडूतच, वर 'व्यवस्था खर्च' लावून गोळा केले. यमद्वारला आम्ही शेजारच्या गटातल्या गुजराती मंडळींना सहज विचारलं, तर त्यांनी आमच्याहून बरेच कमी दिले होते. विचारल्यावर उत्तर मिळालं, 'सर, देवाच्या दारात हिशोब?' तर देवाच्या दारातच हिशोब करा. युआन स्वतःजवळ ठेवा, घोड्याचे पैसे समोरासमोर द्या. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, एटीएमच्या भरवशावर राहू नका.

पण पैशापेक्षा वाईट गोष्ट अशी की डोल्मा लाच्या उतारावर घोड्यावर बसताच येत नाही. उतरावं लागतं, प्रत्येकाला. घोडेवाला मोकळा घोडा घेऊन पुढे निघून जातो आणि खाली चहाच्या तंबूंपाशी तुमची वाट बघत बसतो. तुमची सॅक घेतलेला हमालही त्याच्याबरोबर गेलेला असतो. म्हणजे ज्याला चालता येत नाही म्हणून त्याने घोडा घेतला, त्याला अख्ख्या परिक्रमेतला सर्वात वाईट भाग पायीच, पाण्याची बाटलीही जवळ नसताना उतरायचा असतो. हे तिकीट विकताना कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी घड्याळाने गोंधळ घालू देऊ नका. सगळं बीजिंगच्या वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सप्टेंबरात उजाडायला आठ वाजतात. आम्ही काळोखातच निघालो. शिवत्सलपाशी तिबेटी यात्रेकरू आपले कपडे, केसांची बट असं काहीतरी मागे ठेवून जातात. तो भाग दिव्याच्या उजेडात बघितला. चढ खडा आहे, पण पायऱ्यापायऱ्यांचा, लयीत चालता येतो. दहा पावलं, थांबा, दहा पावलं. पाठीवर मूल बांधलेल्या तिबेटी बाया बाजूने पुढे जातात आणि हसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्यातले बरेच जण ही ५२ किलोमीटरची अख्खी फेरी एका दिवसात मारतात. तिबेटच्या जुन्या बोन धर्माचे लोक उलट्या दिशेने समोरून येताना दिसतील. खिंडीच्या माथ्यावर, ५,६३० मीटरवर मोठी शिळा, तिच्यावर पताकांचे थरच्या थर. पंधरा मिनिटं थांबा, जास्त नको.

आणि मग उतार. गौरीकुंड उजवीकडे खोल खाली दिसतं, हिरवंगार. तिथे उतरू नका. तीर्थ आणून देतो म्हणून कुणीतरी मागे लागेल, बाटलीमागे पैसे सांगेल. द्यायचे तर भाव आधी ठरवून द्या. त्यापुढे साधारण चारशे मीटरचा कडा उतरायचा: सुटे धोंडे, त्यावर मुरूम, मध्ये मध्ये गोठलेलं पाणी. ज्यांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली आहे त्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी, आणि छातीत निम्माच श्वास आहे असं धरावं. गुडघे तिथे बोलायला लागतात. माझ्यापुढे साठीच्या एक मावशी होत्या, गोरेगावच्या. त्या बसून, घसरत उतरत होत्या. कंपनीचा एकही माणूस आसपास नव्हता. आम्ही दोघं-तिघं त्यांच्या पुढेमागे राहिलो, दोन काठ्या त्यांना दिल्या, आणि तो कडा उतरायला आम्हाला चढायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

खाली पोचल्यावर वाटतं संपलं. तिथून झुतुलपुक, दुसऱ्या रात्रीचा मुक्काम, अजून तीन-चार तास आहे. सपाट आहे, पण सपाट म्हणजे दगडगोटे, ओढे, दलदल, आणि दुपारनंतर समोरून सुटलेला वारा. घोडा घेतलेल्यांना इथे पुन्हा घोडा तरी मिळतो. आमच्यासारख्या पायी चालणाऱ्यांचा हा पट्टा निव्वळ शिक्षा. दिवसभराची चाल वीस किलोमीटरच्या पुढे जाते. झुतुलपुकला तिबेटी बौद्ध संत मिलारेपाची गुंफा आहे, बोन गुरू नारो बोनचुंगबरोबरच्या त्याच्या चमत्कारांच्या स्पर्धेची गोष्ट तिथलीच, छतावर मिलारेपाच्या हाताचा ठसा दाखवतात. संध्याकाळी ती पन्नास पावलांवर होती आणि मी गेलो नाही. सकाळी गेलो.

म्हणून, त्या दिवशी पाणी, सुका मेवा, औषधं आणि रेनकोट स्वतःच्या अंगावर. हमालाच्या सॅकमध्ये काही ठेवू नका, मोबाइलही नाही. काठ्या दोन, एक नव्हे. गुडघ्याचा पट्टा खिंडीवरच बांधा, दुखायला लागल्यावर नव्हे. तयारी करताना डोंगर चढून रोपवेने किंवा गाडीने खाली येत असाल तर ती तयारी या वाटेला कामाची नाही. उतरायचा सराव करा, तोही सुट्या दगडांवर. गुडघ्याचं दुखणं असेल तर दिरापुकहून मागे फिरा. उत्तरमुखाचं दर्शन झालेलं असतं, आणि मागे फिरणाऱ्यांची संख्या तुम्हाला वाटते त्याहून खूप मोठी असते.

मानससरोवर? सुंदर आहे, ४,५९० मीटरवर. हल्ली आत उतरून स्नान करू देत नाहीत, बादलीने पाणी काढून काठापासून लांब आंघोळ. काठाजवळच्या चिऊ गोम्पावर, म्हणजे मठावर, मात्र जा, थोडाच चढ आहे आणि वरून सरोवर आणि शेजारचा राक्षसताल दोन्हीकडे नजर जाते.

किरकोळ: दलाई लामांचा फोटो, पुस्तक, मोबाइलमधलं चित्रसुद्धा सीमेआधी काढून टाका, बॅगा उघडतात. गूगल, व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाही. व्हिसा गटाचा असतो, एकाच कागदावर सगळ्यांची नावं. कुणाला मध्येच परतायचं झालं तर ते नाव वेगळं काढण्यात दिवस जातो, तेव्हा त्या कागदाची प्रत प्रत्येकाकडे हवी. केरुंगच्या वाटेवर नेपाळ-तिबेट सीमेवरचा रसुवागढीचा पूल ८ जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला होता, त्यामुळे पावसाळ्यात हा रस्ता धरून काठमांडूची परतीची तिकिटं काढू नका. आणि २०२६ हे तिबेटी अश्ववर्ष आहे. त्या वर्षातली एक परिक्रमा बारा-तेरांच्या तोडीची मानतात, तिबेटी लोक लोटतात. घोडे आणि खोल्या मिळायची मारामार होणार, आणि आपले गटप्रमुख 'व्यवस्था खर्च' दुप्पट करणार. गोरेगावच्या मावशी त्याच वर्षी पुन्हा जायचं म्हणतायत. पायी.