सॅन डिएगो कॉमिक-कॉनला लघुपट नेताय? आधी संवाद ऐकून घ्या

सॅन डिएगो कॉमिक-कॉन म्हणजे अमेरिकेतला कॉमिक्स आणि सिनेमाच्या चाहत्यांचा मोठा मेळावा. ‘कॉमिक-कॉनला फिल्म लागली’ म्हटलं की डोळ्यांपुढे तिथला साडेसहा हजार खुर्च्यांचा हॉल एच येतो. तो डोक्यातून काढा. तिथला स्वतंत्र चित्रपट महोत्सव कन्व्हेन्शन सेंटरला लागून असलेल्या हॉटेलात होतो. बॉलरूम म्हणजे आपल्याकडचं मंगल कार्यालयच: जमीन सपाट, खुर्च्या एका पातळीत. मागच्या रांगांना पडद्याची खालची पट्टी पुढच्यांच्या डोक्यांआड जाते आणि मराठी फिल्मची इंग्रजी सबटायटल्स नेमकी तिथेच असतात. तळापासून निदान १५ टक्के वर उचला, चित्रातच पक्की करून न्या.

आता आवाज. अशा हॉलमध्ये खरा दणका बसतो तो इथे, आणि आधी कोणी चकार शब्द सांगत नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ, म्हणजे डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. घाईत त्यांची एकच वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड मोनो इनपुटात खुपसली जाते. ते इनपुट डाव्यातून उजवा वजा करतं. संवाद दोन्हीकडे सारखेच, म्हणजे वजाबाकी शून्य! पाऊस ऐकू येतो, संगीत ऐकू येतं, ओठ हलतात आणि शब्द गायब. व्हॉल्यूम वाढवून फक्त पाऊस वाढतो. ऐन वेळचा इलाज एकच: लॅपटॉपचा बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा, संवाद परत येतात. ‘मोनो’वर मात्र टाकू नका, उरलंसुरलंही जाईल. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुटे मोनो जॅक, अशी वायर आणि स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला नीट जोडून देणारी डबी) स्वतःच्या पिशवीत ठेवा. तपासणी टायटल साँगवर करू नका, दोन माणसं बोलतात त्या प्रसंगावर करा. टायटल साँग कायम छानच वाजतं.

५.१ मिक्सची (सहा चॅनेलांच्या सराउंड आवाजाची) तीच गत. संवाद मधल्या चॅनेलवर असतात. पहिले दोनच, म्हणजे डावा-उजवा चॅनेल बाहेर आले की मूकपट. स्टिरिओ मिक्सची वेगळी फाइल हवीच. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. प्रोरेस आणि एच.२६४ या दोन व्हिडिओ फॉरमॅटमधल्या दोन्ही प्रती दोन वेगळ्या ड्राइव्हवर. हॉटेलच्या वायफायच्या भरवशावर काही ठेवू नका.

कॅलिफोर्नियातल्या मावशी-काकांना ‘या बघायला’ असं परस्पर सांगून टाकू नका. बॅज, म्हणजे कॉमिक-कॉनचा प्रवेश पास, असेल तरच आत, आणि दारावर बॅज मिळत नाही. ते कित्येक महिने आधी ऑनलाइन संपतात. प्रदर्शनाच्या हॉलमधल्या गल्ल्यांत फिल्मची पत्रकं वाटत फिरू नका, अडवतात.

गाडी? अजिबात नको. त्या दिवसांत आसपासचं पार्किंग म्हणजे लूट आहे. ओल्ड टाऊन किंवा मिशन व्हॅलीच्या बाजूला राहा. ग्रीन लाइन ट्रॉली, म्हणजे तिथली शहरी रेल्वे, थेट सेंटरच्या दारात सोडते. सेंटरसमोरच्या गॅसलॅम्प भागाच्या बाजूने चालत येणार असाल तर मधे रेल्वे फाटक आहे. लांबलचक मालगाडी आली की सगळी गर्दी तिथेच तुंबते. शोच्या दिवशी पाऊण तास आधी निघा, किंवा पार्क बुलेवार्डजवळचा पादचारी पूल धरा.

बाकीचे दिवस मजेत जातात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.