८६ वर अडलेली बॅटरी

सोयाबीनची आवक सुरू व्हायला पंधरवडा उरला होता, तेव्हा इंदूरच्या छावणी मंडीतून सात यंत्रं एकाच खोक्यात परत आली. तौल-पर्ची, म्हणजे वजनाची पावती, छापणारं हे हातातलं यंत्र सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात जुळतं. आत एक लिथियम पॉलिमर सेल, टीपी४०५६ चार्जर आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२७४४१ ही गेज चिप, म्हणजे बॅटरीत किती टक्के उरलं ते सांगणारी. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर तीनच शब्द होते, ‘बैटरी खराब है’.

बॅटरी खराब नव्हती. सातही सेल काढले, पूर्ण भरले आणि १ अँपिअरच्या लोडवर उतरवले. छापील क्षमता २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास), हाती आले १९०० ते १९७०. सेल ठणठणीत होते. पण दरवेळी पहिला संशय सेलवरच जातो, नवा सेल घातला जातो, आणि चूक जिथली तिथे राहते. दुरुस्तीच्या टेबलावरची ही सवय मला मनापासून खटकते.

सातांची लक्षणंही एक नव्हती. चार यंत्रं चार्जरचा हिरवा दिवा लागला तरी ८६ टक्क्यांच्या पुढे जात नव्हती. उरलेली तीन १ टक्का दाखवून तासन् तास पर्च्या छापत होती.

गेज चिप व्होल्टेज बघून टक्के सांगते, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर ती १० मिलिओहमच्या रोधातून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून त्याचा हिशेब ठेवते. यंत्र बराच वेळ पडून राहिलं आणि सेलचं व्होल्टेज स्थिरावलं, की ते व्होल्टेज स्वतःकडच्या व्होल्टेज-चार्जच्या वक्राशी ताडून ती आपला हिशेब दुरुस्त करते. म्हणजे तिला दोन गोष्टी बरोबर माहीत हव्यात. सेल केवढा आहे, आणि कोणत्या जातीचा आहे. पहिली आपण भरतो. दुसरी या चिपमध्ये कारखान्यातूनच कोरून येते, ती बदलता येत नाही.

अडकलेल्या चारांसाठी आधी टेपर, म्हणजे सेल भरत आल्यावर उतरत जाणारा प्रवाह, तपासला. यात घोळ नेहमीचा असतो. टीपी४०५६ ला १.२ किलोओहमचा रोध लावला की तो १ अँपिअरनं भरतो आणि प्रवाह त्याच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर आला की थांबतो. गेजला सांगितलेला टेपर प्रवाह याच्यापेक्षा थोडा जास्तच हवा. तो ८० ठेवला तर चार्जर आधी थांबतो आणि सेल भरल्याचं गेजला कधीच कळत नाही. आम्ही १२० धरतो. टेपर रेट म्हणजे क्षमता भागिले टेपर प्रवाहाचा दहावा हिस्सा, २००० भागिले १२, म्हणजे १६७. चारही यंत्रांत १६७ च होतं.

मग केम आयडी, म्हणजे चिप सेलची कोणती जात धरून चालते तो क्रमांक, वाचला. चिपच्या कंट्रोल रजिस्टरला, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या कप्प्याला, ०००८ ही आज्ञा द्यायची आणि उत्तर वाचायचं. चांगल्या यंत्रात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, ०१२८ आलं. या चारांत आलं ०३१२.

०१२८ म्हणजे जी१ए, ४.२ व्होल्टला भरणाऱ्या सेलसाठीची चिप. ०३१२ म्हणजे जी१बी, ती ४.३ ते ४.३५ व्होल्टच्या सेलसाठी. पूर्ण मागणी-क्रमांक बीक्यू२७४४१डीआरझेडआर-जी१ए असा लांबलचक आहे आणि जात ठरवणारं अक्षर सगळ्यात शेवटी येतं. माझ्या यादीत ते होतं. स्टोअरच्या संगणकात क्रमांक फक्त डॅशपर्यंत चढवलेला होता, आणि पुरवठादारानं हाताशी होती ती रीळ पाठवली. दोन्ही चिपांचा आकार तोच, १२ पिनांचा अडीच बाय चार मिलिमीटर, आणि पत्ताही तोच, हेक्स ५५. डिव्हाइस टाइप विचारला तर दोघी ०४२१ च सांगतात, त्यामुळे तयार बोर्ड तपासणारी आमची टेस्ट जिग आनंदानं ‘पास’ म्हणत होती. त्या जिगमध्ये केम आयडी वाचणारी एक ओळ घालायचं मी दोन वर्षांपूर्वी लेखी सुचवलं होतं.

४.१८ व्होल्टवर विसावलेला आमचा सेल पूर्ण भरलेला असतो. बी चिपच्या वक्रावर त्याच व्होल्टेजला अजून बरीच जागा शिल्लक दिसते. म्हणून ८६.

१ टक्क्यावर चालणाऱ्या तिघांची गोष्ट वेगळी, आणि ती सॉफ्टवेअरची. या चिपमध्ये आपण भरलेले आकडे रॅममध्ये राहतात. सेल इतका उतरला की संरक्षण सर्किटनं तोडला, किंवा कुणी कनेक्टर काढून लावला, की सगळं पुसलं जातं आणि चिप मूळ आकड्यांवर जाते. मूळ क्षमता आहे १३४० एमएएच. २००० च्या सेलला १३४० चा हिशेब लावला की तो वेळेआधीच संपतो, आणि खरा चार्ज उरलेला असताना आकडा तळाशी चिकटतो. असं पुसलं गेल्याचं चिप स्वतः सांगते. स्थिती दाखवणाऱ्या फ्लॅग्ज रजिस्टरमधला पाचवा बिट, आयटीपीओआर, वर येतो. आमच्या सॉफ्टवेअरनं मात्र आकडे पहिल्या चालूवेळी एकदाच भरले होते आणि ‘भरले’ अशी खूण मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये ठेवली होती. खूण एका चिपमध्ये, आठवण दुसरीत. आता दर वेळी चालू होताना आणि नंतर दर मिनिटाला तो बिट बघतो, वर असला की पुन्हा भरतो. चिपनं वापरातून शिकलेली क्यूमॅक्स (सेलची खरी कमाल क्षमता) आणि अंतर्गत रोधाचं कोष्टकही आठवड्यातून एकदा वाचून फ्लॅशमध्ये ठेवतो, नाहीतर प्रत्येक वेळी तिचं शिक्षण पहिलीपासून.

भरण्याचा क्रम इथे सविस्तर लिहितो, कारण यातल्या एकेका पायरीवर लोकांचे दिवस गेलेले पाहिले आहेत. आज्ञा आणि पत्ते सगळे हेक्समध्ये आहेत. कंट्रोलला ८००० ही आज्ञा दोनदा देऊन चिप उघडायची. मग ००१३, म्हणजे बदलाच्या अवस्थेत जा. फ्लॅग्जचा चौथा बिट वर येईपर्यंत थांबायचं, याला सेकंदभर लागू शकतो. न थांबता पुढे लिहिलेलं चिप गुपचूप टाकून देते. ६१ ला शून्य, ३ई ला ५२, ३एफ ला शून्य लिहिलं की स्टेट नावाचा ३२ बाइटांचा गठ्ठा ४० पासून उघडतो. क्षमता ४ए वर, ऊर्जा ४सी वर, टर्मिनेट व्होल्टेज (जिथे सेल संपला असं धरायचं) ५० वर, टेपर रेट ५बी वर. ऊर्जा म्हणजे क्षमता गुणिले ३.७, आमच्यासाठी ७४००. ६० ला चेकसम, म्हणजे ३२ बाइटांच्या बेरजेचा शेवटचा बाइट २५५ मधून वजा. मग ००४२ नं बाहेर, आणि पुन्हा आत जाऊन वाचून ताळा. दोन आज्ञांमध्ये किमान ६६ मायक्रोसेकंद बस, म्हणजे चिपशी बोलायच्या तारा, मोकळी ठेवायची.

आणि बाइटांची दिशा. साध्या रजिस्टरांत लहान बाइट आधी येतो, या गठ्ठ्यात मोठा आधी. २००० म्हणजे ०७ डी०. उलटं लिहिलं तर क्षमता ऋण होते, आणि चेकसम तरीही जुळतो, कारण बेरजेला क्रम कळत नाही.

लहान मॉडेलमध्ये १२०० चा सेल आहे. तिथे चार्जरचा रोध २ किलोओहम, प्रवाह ५८०, तोड ५८ वर. म्हणून टेपर प्रवाह ७०, रेट १७१, ऊर्जा ४४४०. दोन्ही मॉडेलांना एकच फाइल चालवायचा प्रयत्न झाला होता. तेव्हा लहान यंत्र तिशीतले टक्के दाखवत असताना एकदम बंद पडायचं.

टर्मिनेट व्होल्टेज मूळचं ३२०० असतं. पर्ची छापताना सेलमधून २ अँपिअरचा झटका जातो. सेल, संरक्षण सर्किट आणि तारा मिळून रोध १२५ मिलिओहम, म्हणजे पाव व्होल्ट तिथेच पडतं. आमच्या रेग्युलेटरला ३.१५ लागतात. गेजचा अंदाज सरासरी प्रवाहावर चालतो, हे छोटे झटके त्याच्या हिशेबात येत नाहीत. म्हणून ३४०० ठेवलं. कागदावर थोडी क्षमता कमी दिसते, पण अर्धी पर्ची छापून यंत्र विझत नाही.

संध्याकाळी बैठक झाली. एकानं सुचवलं, ‘चार्जर ४.३५ चा लावा, मग १०० दिसेल.’ मी ठाम नाही म्हटलं. आपल्या सेलवर ३.७ व्होल्ट छापलेलं आहे. ३.८ छापलेला सेलच ४.३५ पर्यंत भरायचा. ३.७ चा तिथे नेला तर ऋण बाजूवर धातूरूप लिथियम साचतं, सेल फुगतो, आणि हे यंत्र मंडीत हमालाच्या छातीशी लटकत असतं. दुसऱ्यानं सांगितलं, सॉफ्टवेअरमध्ये ८६ ला १०० म्हणा. तेही चालत नाही. फरक सगळीकडे सारखा नाही. मधल्या भागात तो बदलत जातो आणि यंत्र विसावल्यावर चिप आपला हिशेब पुन्हा त्याच चुकीच्या वक्रावर ओढते. स्टोअरचे काका तेवढे शांतपणे म्हणाले, ‘रिळं मी मोजून घेतली होती, अक्षर बघायला कुणी सांगितलं नव्हतं.’ ते खरं होतं.

बी चिपचे ३१ बोर्ड कारखान्यातच निघाले. गरम हवेनं चिप उतरवून ए बसवली, सेल आधी काढून ठेवला, खालचा पॅड नीट चिकटला की नाही ते प्रत्येकाचं तपासलं. जिगमध्ये केम आयडीची ओळ त्याच रात्री घातली. ०१२८ नसेल तर लाल.

बाहेर गेलेली २२ यंत्रं अजून फिरताहेत. ती आली की चिपा बदलेन. तोपर्यंत त्यांना पाठवायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये केम आयडी ०३१२ निघाला तर टक्के दाखवायचेच नाहीत, फक्त व्होल्टेजवरून तीन पट्ट्या, असं मी करून ठेवलंय. मालकांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते गिऱ्हाइकाला आकडा हवा असतो. फाइल तयार आहे, अजून पाठवलेली नाही.