पैसे मुरायला दोन महिने

बँकेत मी फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या टेबलावर बसते. 28 मार्च 2025, शुक्रवार. मार्चअखेर म्हणजे शाखेत आधीच लगीनघाई. त्यात शनिवारी बँक चालू पण चलनबाजार बंद, रविवारी पाडवा, सोमवारी ईद आणि 1 एप्रिलला वार्षिक क्लोजिंग. आज डॉलर गेले नाहीत तर थेट बुधवारी.

साडेअकराला एक बाई समोर येऊन बसल्या. वय चाळिशीचं, शाखेच्या जुन्याच ग्राहक. "मॅडम, बाबांना थायलंडला पैसे पाठवायचेत. आजच."

बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. जुना मित्र चियांग मायला स्थायिक, म्हणून यांनीही तिकडेच राहायचं ठरवलं. 7 मार्चला 90 दिवसांच्या व्हिसावर उतरले. पन्नाशी उलटलेल्यांना निवृत्त म्हणून वर्षाची मुदतवाढ मिळते, पण दरमहा 65,000 बात (तिथलं चलन) उत्पन्न दाखवायला हवं, नाहीतर तिथल्याच बँकेत 8 लाख बात. आपल्या सरकारी पेन्शनीत 65,000 बात, म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये, कुठून बसणार? राहिले 8 लाख. तेही नुसते दाखवून चालत नाही. अर्जाच्या दिवशी त्यांना खात्यात पडून दोन महिने झालेले असावे लागतात. लोणच्यासारखे मुरावे लागतात म्हणा. का, ते उघड आहे. दोन दिवसांसाठी कुणाचे तरी उसने घेऊन दाखवले असतील, तर पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

मी कॅलेंडर पुढे ओढलं. व्हिसा 4 जूनला संपतो. म्हणजे पैसे 4 एप्रिलच्या आत पोचायलाच हवेत.

"मग तीन आठवडे काय करत होतात?" असं मनात आलं, विचारलं नाही. तिनेच सांगितलं. तिकडे खातं उघडेना. दोन शाखांनी नाही म्हटलं, तिसरीने इमिग्रेशनचा रहिवासी दाखला मागितला. पासबुक हाती आलं ते 25 तारखेला.

बाबांनी जाण्याआधी एफडी मोडून पैसे तिच्या खात्यात ठेवलेले. हे एक बरं केलं होतं. एफडी मोडल्याची पावतीही तिच्याकडे होती. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म काढला, कारण लिहिलं: परदेशातील नातेवाइकाचा निर्वाह. मी 24,000 डॉलर धरले, साधारण साडेवीस लाख. हिशोबाने 23,600 पुरले असते, पण वाटेत मधली बँक आपला हात मारून घेते, आणि 8 लाखाला शंभर बात कमी पडले तरी अर्ज गेला.

मग टीसीएस सांगितला, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. 7 लाखांवरच्या रकमेला 20 टक्के, म्हणजे वर आणखी पावणेतीन लाख. तिचा चेहरा उतरला. 1 एप्रिलपासून मर्यादा 10 लाख होणार होती, तेही तिला कुठूनतरी कळलेलं. "थांबलं तर?" म्हणाली. मी म्हटलं, "थांबलात तर साठेक हजार रुपये कमी भरावे लागतील, पण तारीख हुकू शकते. आज भरलेत तर या वर्षाच्या रिटर्नमध्ये जुलैतच मागता येतील." नवऱ्याला फोन करायला ती उठली.

पाचच मिनिटांत परत आली, ती पांढरीफटक. "बाबांचा फोन होता. तिकडे भूकंप झालाय."

म्यानमारचा तो 7.7 तीव्रतेचा धक्का. बाबा सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरून रस्त्यावर उभे होते. थोड्या वेळाने बँकॉकची बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळतानाचा व्हिडिओ आमच्या शिपायाच्याच मोबाइलवर आला. ती फोनवर म्हणत होती, "बाबा, परत या. नको ते पैसे, नको तो व्हिसा."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून गोंगाटातून आवाज आला, "अगं, पासबुक खिशात आहे माझ्या. ते बघून नाव नीट लिहा म्हणावं."

तिने रागाने फोन ठेवला आणि फॉर्मवर सही केली.

बाबांचं म्हणणं बरोबरच होतं. तिने फॉर्मवर आधारप्रमाणे नाव लिहिलं होतं, आडनाव आधी. पासबुकावर पासपोर्टप्रमाणे, वडिलांच्या नावासकट, आडनाव शेवटी. बाबांनी रस्त्यावरूनच फोटो पाठवला. थोडा हललेला, पण अक्षरं लागत होती. त्या दिवशीचे व्यवहार बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी स्विफ्ट, म्हणजे बँकेचा पैसे पाठवल्याचा संदेश, गेला.

2 एप्रिलला तिचा मेसेज आला: पासबुकाच्या पानाचा फोटो, 8 लाख 9 हजारांच्या वर जमा.

जुलैत ती टीसीएसचं 27डी सर्टिफिकेट घ्यायला आली. बाबांना वर्षाचा शिक्का मिळाला होता. त्यानंतरही तीन महिने 8 लाखांना हात लावायचा नाही, मग 4 लाखांच्या खाली जायचं नाही, आणि पुढच्या अर्जाआधी दोन महिने पुन्हा 8 लाख. शिवाय दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा.

"एवढं सगळं लक्षात राहतं त्यांच्या?" मी विचारलं.

"कॅलेंडर नेलंय ना इथून," ती म्हणाली. "भिंतीवर टांगलंय. एकादशीच्या शेजारीच लाल पेनाने लिहून ठेवलंय सगळं."